लसूण यंत्राने लावायचा तर आधी कुडी समजून घ्या

२०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी लसूण नदीत ओतला, रस्त्यावर टाकला, कारण बाजारात नेण्याचं भाडंही सुटत नव्हतं. दोन वर्षांनी, २०२४ च्या सुरुवातीला, तोच लसूण किरकोळ बाजारात ४०० ते ५०० रुपये किलोने विकला गेला. त्या तेजीनंतर विदर्भात ज्याच्या विहिरीला माघापर्यंत पाणी टिकतं, त्याला वाटू लागलं की वावराचा एखादा तुकडा कपाशी-सोयाबीनमधून काढून लसणाला द्यावा. त्याच सुमारास मोबाइलवर चीन आणि स्पेनमधले व्हिडिओ फिरू लागले. ट्रॅक्टर पुढे जातो आणि मागे एका वेळी दहा-बारा ओळी लागत जातात. मग प्रश्न येतो, आपल्याकडे हे का होत नाही?

आपल्याकडे यंत्रं आहेत. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था, लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ, उदयपूरचं महाराणा प्रताप कृषी विद्यापीठ यांनी लसूण लागवडीच्या यंत्रांवर काम केलं आहे. हाताने ढकलायचीही आहेत आणि ट्रॅक्टरला जोडायचीही आहेत. तरी विदर्भात लसूण लावणारं यंत्र क्वचितच दिसतं. त्याचं कारण कळायला यंत्राच्या आधी लसणाची कुडी, म्हणजे पाकळी, पाहावी लागते.

लसणाला बी नसतं

आपण ज्याला लसणाचं बी म्हणतो ते बी नाही, बेणं आहे. गड्डा फोडायचा, एकेक कुडी वेगळी करायची आणि ती मातीत लावायची. एका कुडीचा एक गड्डा होतो. शेतातल्या लसणाला फुलाचा दांडा आला तरी त्यात बी धरत नाही, कारण हजारो वर्षं माणसाने तो कुडीनेच वाढवला आणि बी धरण्याची त्याची ताकद जवळजवळ संपली. मध्य आशियातल्या काही रानटी वाणांत ती शिल्लक आहे. तिथले वाण वापरून जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठाचे ताकेओमी एतोह यांनी १९८० च्या दशकात लसणाचं खरं बी मिळवून दाखवलं. पण शेतकऱ्याच्या हातात आजही कुडीच येते.

याचा पहिला परिणाम खिशावर होतो. कांद्याला एकरी तीन-चार किलो बी पुरतं. लसणाला हेक्टरी ५०० ते ६०० किलो कुड्या लागतात, म्हणजे एकरी २०० ते २४० किलो. बेण्याचा भाव १५० रुपये किलो धरला तर एकराला तीस हजारांच्या पुढे नुसतं बेणं. भाव चढलेल्या वर्षी हा आकडा दुप्पट होतो, आणि नेमक्या त्याच वर्षी नवे शेतकरी लसणाकडे वळतात.

दुसरा परिणाम यंत्रावर होतो. ज्वारी, हरभरा, सोयाबीन यांचे दाणे गोल किंवा गोलसर असतात आणि एका आकाराचे असतात. तिफणीच्या चाड्यातून आपल्या आजीने ते मुठीने सोडले आणि ते सरळ नळीतून सरीत उतरले. लसणाची कुडी तशी नाही. तिची पाठ फुगीर, दोन बाजू चपट्या, एक टोक निमुळतं आणि बूड सपाट. गड्ड्याच्या बाहेरच्या कुड्या जाड, आतल्या बारीक आणि वाकड्या. अंगावर पापुद्रा, तोही अर्धा सुटलेला. अशी वस्तू नळीत अडकते, दुसऱ्या कुडीला चिकटते, कधी दोन दोन उतरतात आणि कधी एकही उतरत नाही.

एका एकरात पावणेतीन लाख कुड्या

लसणाचं शिफारशीतलं अंतर दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन कुड्यांत १० सेंटिमीटर. या हिशेबाने एकरात सुमारे २ लाख ७० हजार कुड्या बसतात. रुंद वरंब्यावर लावलं तर सऱ्यांची जागा सुटते आणि आकडा दोन लाखांच्या आसपास येतो.

आता हाताच्या लागवडीचा हिशेब करा. सपाट वाफ्यात एक कुडी उचलायची, टोक वर करायचं, दीड-दोन बोटं खोल खुपसायची, माती सारायची. सराईत हाताला तीन सेकंद धरू. २ लाख ७० हजार कुड्यांना २२५ तास लागतात. दिवसाला सात तास काम धरलं तर ३२ बायांचा एक दिवस. यात टोपली भरायला उठणं, पाणी पिणं, कंबर सरळ करणं काहीच धरलेलं नाही. प्रत्यक्षात जास्तच लागतं. शिवाय त्याआधी दोन क्विंटलच्या वर लसूण फोडायचा असतो, तोही हातानेच, आणि तोही लागवडीच्या तोंडावर, कारण आधी फोडून ठेवलेल्या कुड्या सुकतात.

हे सगळं काम उकिडवं बसून होतं. दिवसभर पुढे सरकत, गुडघे दुमडलेले, पाठ वाकलेली. लसणाच्या खर्चाचा हिशेब कागदावर मांडताना हा भाग मजुरीच्या एका ओळीत संपतो. ज्या बाईने सलग चार दिवस लसूण टोबला तिच्या गुडघ्यांत तो पुढे कितीतरी दिवस राहतो. यंत्राचा विचार करताना मला ही गोष्ट पैशाइतकीच मोठी वाटते.

तारीख चुकली की गड्डा लहान

यंत्र म्हटलं की आपण मजुरी किती वाचेल हे विचारतो. विदर्भात त्याहून मोठा प्रश्न तारखेचा आहे.

लसणाची वाढ दोन टप्प्यांत होते. आधी तो पानं काढतो, मग पानांनी साठवलेलं गड्ड्यात भरतो. पहिल्या टप्प्याला थंडी हवी. दुसरा टप्पा दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन चढू लागलं की सुरू होतो, मग तोपर्यंत झाडाला पानं चार असोत की नऊ. पानं कमी तर गड्डा लहान. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकली पाहिजे. डिसेंबरात लावलेला लसूण आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटच्या उन्हात सापडतो. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर थोडी सूट मिळते, अकोला-वर्धा-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती मिळत नाही. फार उशीर झाला आणि पुरेशी थंडी मिळाली नाही तर कधी कधी गड्ड्यात कुड्याच पडत नाहीत, नुसता एक गोळा होतो.

आता कॅलेंडर पाहा. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत विदर्भात काय चाललेलं असतं? सोयाबीनची सोंगणी आणि मळणी संपत आलेली असते, कपाशीची पहिली वेचणी सुरू झालेली असते, हरभऱ्याच्या पेरणीची घाई असते आणि मध्येच दिवाळी येते. गावातल्या सगळ्या बाया वेचणीला असतात आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळत असल्याने चांगल्या हाताला तिथे जास्त सुटतात. लसणाच्या वावरात ३२ बाया एका दिवशी मिळणं अशक्यच. मग पाच बायांवर काम चालतं, आठवडा जातो, दुसरा आठवडा जातो, आणि वावराचा शेवटचा तुकडा लागतो तेव्हा थंडीचे दिवस अर्धे सरलेले असतात. यंत्र घेतलं तर खरी कमाई इथे आहे. एकराचं काम एका दिवसात, ठरलेल्या तारखेला होतं.

यंत्र चालतं कसं?

बहुतेक देशी यंत्रांची रचना एकसारखी आहे. वर कुड्यांची पेटी. तिच्यातून एक साखळी किंवा उभी चकती फिरते आणि तिला ओळीने छोटे चमचे बसवलेले असतात. रहाटगाडग्याची गाडगी विहिरीतून पाणी उचलून वर ओततात, तसा प्रत्येक चमचा पेटीतून एक कुडी उचलतो आणि वरून नळीत सोडतो. पुढे फणाने पाडलेल्या सरीत कुडी पडते, मागून माती ओढली जाते. साखळीला गती मिळते ती जमिनीवर फिरणाऱ्या चाकातून. त्यामुळे ट्रॅक्टर हळू गेला काय आणि जोरात गेला काय, दोन कुड्यांमधलं अंतर निदान कागदावर तरी तेच राहतं.

आता वेगाचा हिशेब. ताशी दोन किलोमीटर ही माणसाच्या सावकाश चालण्यापेक्षाही कमी गती. त्या गतीतही दहा सेंटिमीटरवर एक कुडी टाकायची तर एका ओळीत सेकंदाला साडेपाच कुड्या सुटल्या पाहिजेत. बाईच्या हाताला तीन सेकंद मिळतात, डोळा लागतो, बोटांना कुडीचं टोक कळतं. चमच्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही मिळत नाही. ट्रॅक्टर जोरात हाकला की चमचे रिकामे वर येतात किंवा उचललेली कुडी धक्क्याने परत पेटीत पडते. भाड्याचा ट्रॅक्टर तासावर असतो, चालकाला घाई असते आणि उगवण झाल्यावर वावरात टकलं दिसतात. दोष यंत्राला दिला जातो, गतीची आठवण कुणाला राहत नाही.

शास्त्रज्ञ अशा यंत्राला दोन कसोट्या लावतात. एक, कुडी पडायला हवी तिथे न पडणं, याला आपण खाडा म्हणू. दुसरी, एका जागी दोन पडणं, म्हणजे जोड. ठरलेल्या अंतराच्या दीडपटीहून जास्त जागा सुटली तर खाडा, निम्म्याहून कमी अंतरावर दुसरी कुडी पडली तर जोड. खाड्यात जागा, पाणी आणि खत वाया जातं. जोडात बेणं वाया जातं आणि दोन्ही गड्डे एकमेकांना दाबून वाकडे होतात. एकरी २२० किलो बेण्यात दहा टक्के जोड पडले तर २२ किलो कुड्या, १५० रुपयांच्या हिशेबाने ३,३०० रुपये मातीत गेले.

यावरचा सर्वात स्वस्त उपाय वावरात नाही, खळ्यावर आहे. कुड्या चाळून एका आकाराच्या करायच्या. ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या कुड्या लागवडीला चांगल्या मानल्या जातात. त्याहून बारीक काढून स्वयंपाकघराला द्याव्यात, कारण त्यांचा गड्डाही बारीकच होतो. चमच्याचा आकार एकच असतो, त्यात जाड-बारीक मिसळ घातली तर कुठलंही यंत्र हरतं. जी माणसं यंत्रावर खर्च करतात पण चाळणीवर करत नाहीत, त्यांनी निम्मा पैसा आधीच घालवलेला असतो.

कुडी उलटी पडली तर?

हा आक्षेप जुन्या शेतकऱ्यांचा आहे आणि बरोबर आहे. हाताने लावताना टोक वर आणि बूड खाली असतं. यंत्रातून पडलेली कुडी मिळेल तशी पडते.

कुडीच्या बुडातून मुळं आणि टोकातून कोंब निघतो. कुडी आडवी पडली तर कोंब वळून वर येतो, एक-दोन दिवस उशीर होतो, नुकसान थोडं असतं. पूर्ण उलटी पडली तर कोंबाला खाली निघून वळसा घालून वर यावं लागतं. उगवण मागे पडते, मान वाकडी होते, गड्डा बेढब आणि लहान भरतो. नळीतून पडलेल्या बऱ्याच कुड्या आडव्या पडतात, काही उभ्या आणि काही उलट्या.

यावर जगात दोन वाटा निघाल्या. चीनमध्ये, जिथे जगातला दोन-तृतीयांशाहून जास्त लसूण पिकतो, कुडी सरळ उभी करणाऱ्या यंत्रणांवर बरंच संशोधन झालं. निमुळत्या पेल्यात घालून तिला फिरवायचं, बदकाच्या चोचीसारख्या उघडणाऱ्या तोंडातून मातीत सोडायचं, आता तर कॅमेऱ्याने टोक ओळखून वळवायचं. यंत्र महाग होतं आणि गती कमी होते. स्पेन आणि कॅलिफोर्नियातल्या मोठ्या शेतांनी दुसरी वाट धरली. कुडी कशीही पडो, आकार एकसारखा ठेवायचा, थोडं नुकसान सोसायचं आणि तारीख गाठायची.

विदर्भातल्या दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला माझ्या मते दुसरी वाट जवळची आहे, पण एका अटीवर. यंत्र गेल्यावर दोन बायांनी ओळीवरून एक फेरी मारावी, उघड्या पडलेल्या कुड्या दाबाव्यात, रिकाम्या जागा भराव्यात. ३२ जणींचं काम दोघींवर येतं आणि यंत्राचा निम्मा दोष भरून निघतो.

काळ्या मातीत काय होतं

परदेशी व्हिडिओंमधली माती बघा. भुसभुशीत, रेताड, बोटांतून गळणारी. आपली भारी काळी जमीन ओली असली की फणाला लोंबते आणि सुकली की तिची ढेकळं होतात. ढेकळांत पडलेली कुडी कुठे एक बोट खोल जाते, कुठे चार बोटं. चाक भुसभुशीत जागी घसरतं, त्या ठिकाणी साखळी कमी फिरते आणि अंतर वाढतं. म्हणून वाफसा, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी असते तेव्हा, हीच यंत्राची वेळ. सोयाबीन निघाल्यावर पाणी देऊन जमीन वाफशावर आणायची, रोटाव्हेटरने बारीक करायची आणि मग वरंबा करायचा.

विदर्भातला शेतकरी इथे मोकळ्या हाताने सुरुवात करत नाही. सोयाबीन आणि हरभऱ्यासाठी रुंद सरी वरंबा पद्धत, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात, इथे रुळली आहे. लसणासाठी शिफारस आहे ती १२० सेंटिमीटर माथ्याच्या, १५ सेंटिमीटर उंचीच्या वरंब्याची आणि ४५ सेंटिमीटर सरीची, वर ठिबकच्या दोन नळ्या. या वरंब्यावर लसणाच्या आठ ओळी बसतात. जादा पाणी सरीतून निघून जातं, भारी जमिनीत गड्डे सडत नाहीत आणि ट्रॅक्टरची चाकं सरीतून चालतात, लागवडीवरून नाही. काढणीच्या वेळीही वरंब्याची मोकळी माती लवकर सुटते. सपाट वाफ्यात काळी माती काढणीला दगडासारखी होते आणि पात उपटली की गड्डा खालीच राहतो.

बेण्यात लपलेला रोग

बी नाही म्हटल्यावर तिसरा परिणाम संशोधकांना भोगावा लागतो. दोन वाणांचा संकर करून नवा वाण काढणं लसणात जवळजवळ बंद आहे. जे वाण आले ते बहुतेक जुन्या लसणातली चांगली झाडं निवडून, वेगळी वाढवून आले. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालं, १९९८ मध्ये राजगुरुनगरला आलं. भीमा ओंकार आणि भीमा पर्पल हे त्यांचे वाण. अ‍ॅग्रिफाउंड व्हाइट, यमुना सफेद हे राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचे. आतून हे पीक किती गुंतागुंतीचं आहे याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा: २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी लसणाची पूर्ण जनुकीय मांडणी वाचली, ती माणसाच्या पाचपट मोठी निघाली.

आणि विषाणू. बियातून वाढणाऱ्या पिकात आईबापाचे बरेचसे विषाणू बियापर्यंत पोहोचत नाहीत. लसणात कुडी हा झाडाचाच तुकडा. झाडाला लागलेला विषाणू कुडीत येतो, कुडीतून पुढच्या झाडात, आणि मावा त्यात भर घालत राहतो. पानांवर पिवळे पट्टे येतात, गड्डा वर्षागणिक लहान होतो. घरचं बेणं आठ-दहा वर्षं फिरवणारे शेतकरी सांगतात की जमीन थकली. पुष्कळदा थकलेलं असतं ते बेणं. कोंबाच्या अगदी टोकाचा सूक्ष्म भाग प्रयोगशाळेत वाढवला तर विषाणूमुक्त झाड मिळू शकतं, कारण त्या टोकापर्यंत विषाणू क्वचित पोहोचतो. हे तंत्र माहीत असलेलं आहे. अडचण आहे ती असं बेणं क्विंटलांनी तयार करून गावापर्यंत आणण्याची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासमोर लसणाचं एकच काम ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन, यंत्राच्या आधी.

बायांचा रोज बुडेल, त्याचं काय?

हा प्रश्न टाळून यंत्राबद्दल बोलणं बरोबर नाही. लसूण टोबण्याचे पैसे बाईच्या हातात पडतात. यंत्राचं भाडं मालकाच्या खिशात जातं आणि मालक बहुतेक पुरुष असतो.

लागवडीच्या त्या महिन्यात विदर्भात बायांना कामाची वानवा नसते, वेचणी असते, हे खरं. म्हणून लगेच कुणी उपाशी राहील असं नाही. तरी मजुरीचा एक पर्याय गेला की वेचणीचा दर ठरवताना बाईचं बोलणं हलकं पडतं, हेही तितकंच खरं. यावर मला दिसणारा मार्ग यंत्राच्या मालकीतून जातो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत गटांना अवजारे बँकेसाठी, म्हणजे अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रासाठी, अनुदान मिळतं आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतात. सरकारच्या उमेद अभियानाचे आणि माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गट गावोगाव आहेत. गड्डे फोडणं, कुड्या चाळणं, बेण्यावर प्रक्रिया करणं, यंत्र पुरवणं आणि मागून खाडे भरणं हे सगळं एक काम म्हणून गटाने घेतलं तर लसणातला पैसा बायांकडेच राहतो आणि उकिडवं बसणं सुटतं. चाळणी आणि यंत्र एकाच हातात असली तर काम चांगलं होतं, हा त्यातला शेतकऱ्याचा फायदा.

एकरभरासाठी हा खटाटोप परवडेल?

अर्ध्या एकरासाठी ट्रॅक्टरचं यंत्र विकत घेऊ नका. भाड्याने मिळत असेल तर पाहा. मिळत नसेल तर १५ बाय १० सेंटिमीटरवर खुंट्या असलेला लोखंडी रोळ गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येतो. वाफशावरच्या वरंब्यावर तो फिरवला की एकसारख्या खोलीची भोकं पडतात, त्यांत कुड्या सरळ उभ्या घालायच्या. खाडा नाही, जोड नाही, उलटी कुडी नाही. बसणं सुटत नाही, पण वेळ वाचतो.

भाड्याचं यंत्र आलंच तर वावरात घालण्याआधी एक चाचणी घ्या. ताडपत्री पसरा, पेटीत तुमच्याच चाळलेल्या कुड्या भरा, फण उचलून ठेवा आणि ज्या गतीने काम होणार आहे त्याच गतीने दहा मीटर चालवा. प्रत्येक ओळीत शंभराच्या आसपास कुड्या पडल्या पाहिजेत. पट्टी घेऊन बसा. पंधरा सेंटिमीटरहून मोठ्या जागा मोजा, पाच सेंटिमीटरहून जवळच्या जोड्या मोजा. खाडे जास्त असतील तर गती कमी करून परत चालवा. जोड जास्त असतील तर तुमच्या कुडीला चमचा मोठा पडतोय, तो बदलून मागा. या चाचणीला अर्धा तास लागतो. चालक घाई करेल, त्याला थांबवा.

आणि भाव पडला तर? यंत्र त्याला काही करू शकत नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमच-रतलाम आणि राजस्थानातल्या कोट्याच्या बाजूला पीक बंपर आलं की आपल्या मोंढ्यातला भावही खाली येतो. चिनी लसणाच्या आयातीवर २०१४ पासून बंदी आहे, तरी भाव घसरायला देशातलं पीकच पुरेसं असतं. म्हणून पहिल्या वर्षी एकरावर जाऊ नका. दहा गुंठे लावा, तेही वेचणीचा जोर चढण्याआधी. काढणीनंतर पातीसकट सावलीत वाळवा, त्यातले मोठे, घट्ट, न फुटलेले गड्डे बेण्याला वेगळे बांधून हवेशीर जागी टांगा आणि बाकीचा विका. पुढच्या ऑक्टोबरात बेणं घरचं असेल आणि भाव कसाही असला तरी तीस हजारांचा पहिला खर्च अंगावर येणार नाही.